पुढून वाजवलेली टाळी

१३ जुलै, रवि. करडी

धानाचा रोवणा ऐन भरात. आई, दादा, वहिनी सकाळी सातलाच बांधीत, चिखलात. मी घरी बाजेवर, मांडीवर फाइल, मोबाइलवर वेळ लावलेली. दोन तास आदूचं निरीक्षण. तो मातीत गाडी फिरवणार आणि मी दर पाच मिनिटांनी लिहिणार, ‘मातीत गाडी फिरवतो’. याला म्हणतात उच्च शिक्षण.

मानव विकास घेतलेल्यांना एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी एका मुलाची तीन महिन्यांची केस स्टडी करावी लागते. वर्गातल्या बाकीच्या पोरी भंडाऱ्यात अंगणवाड्या धुंडाळताहेत. मला मूल घरातच. दादाचा अद्विक, वय दोन वर्षं दोन महिने. नाव मीच ठेवलं, आत्या ना. आईच्या तोंडात ते काही बसत नाही, म्हणून आदू. बारशाला त्याच्या कानात नाव सांगायला वाकले तर बायकांनी पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस पाठ दुखत होती.

संध्याकाळी वहिनी आल्यावर संमतीपत्रावर तिची सही घेतली. हात धुऊन पदराला पुसले तिने, तरी कागदाला चिखलाचं बोट लागलंच.

“वाच तरी वयनी.”

“तुमी लिव्हलं ते बरोबरच असन ना, बाई.”

माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तिला तू म्हणते, ती मला तुमी. नवऱ्याची बहीण आणि वर शिकलेली.

फाइलमध्ये आदूचा तक्ता आहे तसा त्याच्या आईचाही आहे. मुलाशी किती बोलते, कशी वागते वगैरे. ते तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती सहज वागणार नाही, असं मीच मला समजावलं. तरी टोचलंय.

२० जुलै, रवि. करडी

आदूच्या आईचा तक्ता भरला. वेळ सायं. ६ ते ७. वहिनी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली, चूल पेटवली, भात टाकला. आदू पायात घुटमळत होता. तासाभरात ती त्याच्याशी चार वाक्यं बोलली. मी चार रेघा मारल्या. दिवसभर वाकून धान रोवून आलेली बाई. माझे हात कोरडे, मी रेघा मारतेय. भाजी तरी चिरायला हवी होती. पण निरीक्षकाने मध्ये पडायचं नसतं ना. बरं झालं, नियम कामाला आला.

आदू अजून ‘मा’ आणि ‘बा’ एवढंच. या वयात दोन शब्द जोडायला हवेत.

वहिनी चुलीपाशी एकदम म्हणाली, “बाई, याले आयकू तं येते ना? मी मांगून हाका मारून राहिली, मारून राहिली, हा पाहातच नाही.”

मी लगेच आदूपुढे उकिडवी बसले आणि टाळी वाजवली. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, हसला. दुसऱ्यांदा वाजवली, पुन्हा पाहिलं.

“पाह्य, येते आयकू. तू त्याच्याशी दिवसभर बोलतच नाही ना वयनी. पोरं आयकून आयकूनच शिकतेत. मोबाइल नको देऊ, बोलत जा त्याच्याशी.”

कॉलेजातल्या मॅडमचाच सूर लागला होता माझा. वहिनी भाताकडे बघत “हाव, चुकतेच माहं” म्हणाली.

तक्त्यात बरोबरची खूण केली. आवाजाला प्रतिसाद: आहे.

९ ऑगस्ट, शनि. राखी. करडी

दादाला राखी बांधली, आदूलाही हौसेने एक.

वहिनीचं बोलणं सुरू झालंय! आता ती आदूला बांधीवर घेऊन जाते, शेताकडेच्या धुऱ्यावर झाडाखाली बसवते आणि चिखलातून ओरडून ओरडून बोलते. “आदू, हा पाह्य बगळा. आदू, हे पाह्य पानी. आदू, माय काय करून राहिली?” रोवणाऱ्या बाया हसतात म्हणे. एकीने विचारलं, “काहून वो, रेडिओ गिळला का?” घसा पार बसलाय तिचा. हळद-दूध घेत होती.

आई कुरकुरली, “पोरगा बोलाचा तवा बोलन. इले कायले भरवून देल्लं तू?” मी आईला गप्प केलं. फाइलमध्ये लिहिलं, ‘मातेने सल्ला स्वीकारला.’ खूप छान वाटलं. आपल्या शिक्षणाचा घरात उपयोग होतोय वगैरे.

२३ ऑगस्ट, शनि. तान्हा पोळा. करडी

पोरांचे लाकडी बैल, कागदी झुली, डोक्याला फेटे. आदूच्या बैलाचं एक चाक सकाळीच निघालं, वहिनीने सुतळीने बांधून दिलं. देवळापुढे गाण्यांचा हा एवढा मोठा बॉक्स. शेजारची पोरगी कानांवर हात ठेवून रडली, दोघी-तिघी पळाल्या. आमचा पठ्ठ्या बॉक्सला जाऊन चिकटला! दोन्ही तळहात त्याच्यावर ठेवून खदाखदा हसत होता. मी फोटो काढला.

लिहिलं, ‘मोठ्या आवाजाला घाबरत नाही. परिस्थितीशी जुळवून घेणारा स्वभाव.’

२१ सप्टें., रवि. भंडारा, खोली

निष्कर्ष लिहिते आहे. सकाळपासून तीन वेळा एकच वाक्य. ‘मातेचा भाषिक प्रतिसाद अपुरा असून घरातील दुर्लक्ष हे भाषाविलंबाचे प्रमुख कारण दिसते.’

‘दुर्लक्ष’ खोडलं. ‘वेळेचा अभाव’ लिहिलं. ते मवाळ वाटलं, शेरा येईल. पुन्हा ‘दुर्लक्ष’.

नाव कुठेच नाही. वहिनी म्हणजे ‘श्रीमती क’. श्रीमती क यांनी परवाच माझ्यासोबत तीळ घातलेल्या भाकरी बांधून दिल्या होत्या, मला आवडतात म्हणून. दोन अजून डब्यात आहेत. खाववत नाहीत.

वहिनीची तीन निरीक्षणं, तिन्ही रोवण्यातली. रोवण्यात कोणत्या घरची आई घरी असते? हे मला ठाऊक आहे, मीही धुऱ्यावरच वाढले. पण फाइल उद्या द्यायची आहे.

४ ऑक्टो., शनि. भंडारा

सादरीकरण झालं. मॅडम खूश. म्हणाल्या, फाइल विभागात ठेवू, पुढच्या वर्षीच्या मुलींना नमुना म्हणून.

एकीने विचारलं, “अशा आयांना काही सांगून फरक पडतो का गं?” मी म्हटलं, “पडतो. पण शेतावरच्या बायका आहेत, हळूहळू.” वर्ग हसला. मीही हसले.

शेतावरच्या बायका! माझी आई कोण आहे मग? सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पळाले नाही. पेढे वाटले.

१६ ऑक्टो., गुरु. भंडारा

आज प्रॅक्टिकल, लहान मुलांची ऐकण्याची प्राथमिक तपासणी. मॅडमनी बाहुली खुर्चीवर बसवून दाखवलं. आवाज मुलाच्या मागून करायचा. हात दिसता कामा नये, सावली पडता कामा नये, जमीन हादरता कामा नये. मग सहज म्हणाल्या, “पुढे बसून टाळी वाजवू नका. मूल हात बघून वळतं आणि आपण खूश होतो. ही चूक सगळेच करतात.”

माझं पेन थांबलं.

पुढे बसून. हात बघून. बॉक्सवर ठेवलेले तळहात. ‘मी मांगून हाका मारून राहिली.’

पुढचं काही ऐकलं नाही. उद्या वर्ग आहेत, परवा गाडी. परवापर्यंत काय करू.

१८ ऑक्टो., शनि. धनतेरस. करडी

कारध्याच्या पुलावर बस अर्धा तास अडकली. खाली वैनगंगा भरून वाहत होती. मी मनात घोकत होते की तो वळेल, वळेल, वळणारच.

घरी दिवाळीची साफसफाई. भांडी सगळी अंगणात. आदू पाठमोरा बसून झाकणं एकात एक घालत होता. मी पाय न वाजवता मागे गेले. चमचा, पितळी ताट. वाजवलं. नाही. अजून जवळून. नाही. तिसऱ्यांदा इतक्या जोरात की कोठ्यातली गाय दचकली. आदू झाकण फिरवत होता.

मान वर केली तर दारात वहिनी उभी. हातात केरसुणी.

“मी बी हेच करत होती, बाई. गंजावर झारा वाजवू वाजवू पाहात होती. पयलेपासून.” मग म्हणाली, “तुमी म्हणलं आयकू येते, तं मले वाटलं, माहीच चूक असन.”

तीन महिने. तीन महिने तिने घसा फोडून घेतला, मी सांगितलं म्हणून, आणि त्याला एक शब्द पोचत नव्हता. मला त्या अंगणात गाडून घ्यावंसं वाटलं.

“वयनी, नागपूरला दाखवू,” एवढंच बोलता आलं. फाइलचं नाही बोलले.

११ नोव्हें., मंगळ. नागपूर

दादा धान कापणीत, म्हणून आम्ही तिघंच. वहिनी, आदू, मी. पहाटे निघालो. औषध देऊन त्याला झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. वहिनी पूर्ण वेळ त्याचा तळपाय धरून बसली होती.

दोन्ही कान. बरंच जास्त. बहुतेक जन्मापासून. कानाला मशीन लावून बघायचं, मग पुढचं.

डॉक्टर बाई वाईट बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, “आईला आधी शंका आली नाही का? थोडं लवकर आणायला हवं होतं. कोणी थांबा म्हटलं होतं?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. वहिनी आधी बोलली, “नाही जी. आमालेच समजलं नाही.”

आमालेच. त्या एका शब्दात मला पोटाशी घेतलं तिने. मी तिला माझ्या वाटणीचं बोलणं खाऊ दिलं.

परतीच्या बसमध्ये आदू माझ्या मांडीवर झोपला. बारसं आठवत राहिलं. पाळण्याखाली वाकलेली मी, पाठीवर धपाटे, बायकांचा गलका. हौसेने शोधून काढलेलं ते नाव. अडीच वर्षं झाली, ते त्याला सांगायचंच राहिलंय.

१६ नोव्हें., रवि. करडी

घरात आवाज नाही. वहिनी आदूशी बोलायची थांबली आहे. त्याला भरवते, आंघोळ घालते, तेल लावते, पण तोंड मिटलेलं. त्याच्याकडे बघतही नाही नीट. आदू तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतो. ती हात सोडवून घेते, कापलेलं धान बघायला जाते.

हे चुकतंय. हे मला नक्की माहीत आहे, यावर मार्क मिळालेत मला. त्याला तिचा चेहरा हवा, ओठ, हात, सगळं हवं. आणि मशीन आलं की आवाजही. तिने बोलत राहायलाच पाहिजे.

पण ‘वयनी, बोल त्याच्याशी’ हे मी कोणत्या तोंडाने सांगू? हेच सांगितलं होतं ना जुलैत.

तरी गेले तिच्याजवळ. म्हटलं, “वयनी, तो तुह्या तोंडाकडे पाहून राहिला.”

“राहू द्या बाई. झालं बोलून.”

आधी फाइलचं सांगायला हवं. ती मला अजून शहाणी समजते, आणि तिथेच सगळं अडलंय. सांगितलं नाही. दादा आला, आईने हाक मारली, मग पाणी भरायचं होतं. कारणांना काय तोटा.

२० नोव्हें., गुरु. भंडारा

मॅडमकडे गेले. रडायचं नाही असं ठरवलेलं, रडलेच. सगळं सांगितलं, श्रीमती क कोण तेही. फाइल परत मागितली.

मॅडमनी कपाट उघडलं. मग म्हणाल्या, “टाळी तू वाजवलीस, पण खाली सही माझी आहे. तिन्ही निरीक्षणं रोवणीतली आहेत हे मी बघायला हवं होतं. वाचून पुढे सरकले मी.” फाइल काढून दिली. नवीन लिही म्हणाल्या. आणि दाराशी थांबवून विचारलं, “संमती तिची घेतलीस. अहवाल तिला दाखवलास?”

नाही.

“मग माझ्यापुढे रडून काय उपयोग?”

खरंय. मॅडमपुढे रडणं सोपं होतं, भाकरी बांधून त्या देत नाहीत.

३० नोव्हें., रवि. करडी

सांगितलं.

दुपारी वहिनी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आई शेजारी गेलेली, आदू वहिनीच्या पाठीला पाठ लावून बसलेला. मी फाइल घेऊन समोर बसले. म्हटलं, हे मी तुझ्याबद्दल लिहिलंय, तुला न सांगता. वाच.

“हात भरले माहे. तुमीच वाचा.”

हे सगळ्यात वाईट. स्वतःच्या तोंडाने वाचावं लागलं. चार वाक्यं, चार रेघा. ‘श्रीमती क’. बॉक्सवरचे तळहात, ‘जुळवून घेणारा स्वभाव’. सूप चालूच होतं. शेवटचं ‘दुर्लक्ष’वालं वाक्य, तेही वाचलं.

सूप थांबलं. “दुर्लक्ष म्हणजे? ध्यान नाही देल्लं?”

“हाव.”

पुन्हा पाखडायला लागली. मग, “कोनं कोनं वाचलं हे?”

“वर्गानं. मॅडमनं.”

“हासले?”

खोटं बोलता आलं असतं. “हाव. मी बी.”

वाटलं आता ओरडेल. तिने ओरडावं, सूप फेकून मारावं, असं फार वाटत होतं मला. ती तांदळातले खडे वेचत होती. मी म्हटलं, मी पुन्हा लिहिणार आहे, चूक माझी होती असं लिहिणार आहे, माफ कर.

“माफी-गिफी राहू द्या,” ती म्हणाली. “एक लिव्हा त्याच्यात. मी तुमाले इचारलं होतं. चुलीपाशी. याले आयकू येते का म्हून. ते लिव्हलंच नाही तुमी.”

मी पानं उलटली. २० जुलै. टाळी होती, खूण होती, वेळ मिनिटासकट होती. तिचा प्रश्न नव्हता. आईने सगळ्यात आधी ओळखलं होतं आणि अख्ख्या फाइलमध्ये ते कुठेच नव्हतं.

तिथेच बसून, तिच्यासमोर लिहिलं. तिने सूप बाजूला ठेवून, हात झटकून, वाचलं. या वेळी वाचलं. “मांगून हाका मारल्या, हे बी टाका.” टाकलं.

मग मी म्हटलं, “आता एक सांगू? आयकणार नसशील तं नको आयकू.” त्याच्या समोर बसून, चेहरा दिसेल असं बोलायचं, ते सांगितलं. ती उठून तांदूळ आत घेऊन गेली.

जेवताना माझ्या ताटात तिने भात वाढला. नेहमी दोनदा आग्रह करते. आज नाही केला.

७ डिसें., रवि. करडी

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘पानी तापलं.’ ‘बस कई आहे?’ बरोबर आहे तिचं.

पण सकाळी आंघोळीच्या दगडावर आदूला समोर धरून, डोळे मोठे करून, “पानी! गरम!” असं म्हणताना पाहिलं. मला पाहून थांबली. मी विहिरीकडे निघून गेले, म्हणजे ती पुन्हा सुरू करेल. केलं तिने, मागून ऐकू आलं.

नवीन फाइल अर्धी झाली. ‘दुर्लक्ष’ हा शब्द आता फक्त एकदाच आला आहे, माझ्यासाठी.

११ जाने., रवि. करडी

मशीन आलं. काल नागपूरला दोन्ही कानांना बसवलं. तिथल्या बाईंनी बजावलं, लगेच काही होईल असं समजू नका, आवाज म्हणजे काय हेच त्याला आधी शिकावं लागेल, आठवडे लागतील, महिनेही. मशीन पुरलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू.

आज सकाळी दोनदा ओरबाडून काढलं त्याने. वहिनीने दोनदा लावलं. मग तो अंगणात गाडी घेऊन बसला. मी बाजेवर, फाइल घेऊन. हीच बाज, हीच गाडी.

वहिनी आली. म्हणाली, “नाव तुमीच ठेवलं होतं. तुमीच घ्या. मांगून.”

महिनाभराने तिचं माझ्याशी एवढं लांब वाक्य.

मी त्याच्या मागे जाऊन वाकले. सावली पडणार नाही असं. आणि आवाजच फुटेना. आई ओट्यावरून बघत होती. वहिनी माझ्या मागे आली आणि पाठीत एक धपाटा घातला, बारशाला घालतात तसा. जोरात. तिला घालायचाच होता तो, कळलं मला.

“घ्या ना.”

“अद्विक.”

काही नाही.

“अद्विक.”

गाडी फिरत राहिली.

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा गाडी थांबली. तो वळला नाही. मान जराशी तिरपी झाली, किंवा मला वाटलं. मग गाडी पुन्हा सुरू.

फाइल उघडली. तारीख, वेळ लिहिली. प्रतिसादाच्या रकान्यात खूण करायला पेन टेकवलं आणि उचललं. वहिनी मागे उभी होती, तिने काय पाहिलं ते आधी विचारते.